चार किलोमीटर

फिनलंड आणि रशियाचं बिनसलं, तेव्हापासून सीमेवरचं फाटक बंदच होतं. पलीकडे रशियात, चार किलोमीटरवर, तोइनीची मुलगी नांदत होती. काल ती वारल्याचा जावयाचा फोन आला. विमानाने इस्तंबूलमार्गे पोचायला दोन दिवस लागणार होते आणि दफन आज दुपारी होतं. लेकीसाठी विणलेली शाल घेऊन म्हातारी तोइनी फाटकापाशी आली. “यार्को, ही तरी तिच्या शवपेटीत ठेवायला धाड.” “मावशी, तुमच्या हातच्या पावावर वाढलोय मी, पण फाटकापलीकडे माझी टाचणीही जात नाही,” गस्तीवरचा यार्को म्हणाला. “पलीकडच्या चौकीवरल्या साहेबाबरोबर दर महिन्याला कॉफी ढोसायचास ना?” “आता तो फोनसुद्धा उचलत नाही.” तिने शाल छातीशी कवटाळली. “इथे थांबायला बंदी आहे, मावशी,” तो चाचरला. तेवढ्यात पलीकडच्या चर्चची घंटा पुसटशी ऐकू आली. यार्कोने गस्तीच्या गाडीचं घरघरणारं इंजिन बंद केलं.