भिजवलेली चिंच

गोराईहून चारकोपच्या फ्लॅटवर आणल्यापासून आई लेकीलाच, नमिताला, ओळखत नव्हती. शेजारीण समजून ‘अहो ताई’ म्हणायची. मागायची एकच गोष्ट, मॉलमधला अळकुडीचा जांभळा बबल टी; नातीने एकदा पाजला, तेव्हा तोंडभर हसली होती. आज नमिताने तो घरीच करायला घेतला. त्यात घालायच्या साबुदाण्याच्या गोळ्या गुळात शिजवल्या आणि घाईघाईत कोरड्या हातांनीच अळकुड्या सोलल्या. हातांची नुसती आग झाली. नळाखाली धरले, तरी खाज थांबेना. तेवढ्यात आई ओट्यापाशी आली. कालवणासाठी भिजत घातलेली चिंच उचलून ती नमिताच्या बोटांच्या बेचक्यांतून सावकाश चोळू लागली. खाज उतरली, तरी नमिताने हात काढून घेतले नाहीत. “अळकुडी सोलण्याआधी हाताला तेल लावायचं असतं, बाय,” आई म्हणाली. “तुझ्या आयशीनं शिकवलं नाय तुला?” नमिता चिंचेकडे बघत म्हणाली, “शिकवलं होतं. मीच विसरले.”