बसल्या जागी सुवर्ण

सुधींद्रने सोनेरी पदक गळ्यात घालायला दोन्ही हात वर केले आणि हेमलता एक पाऊल मागे सरली. पदक त्याच्या हातात तसंच लोंबत राहिलं.

"मी अजून लढलेच नाही," ती म्हणाली.

"अक्का, लढणार कुणाशी? पन्नाशीपुढच्या बायकांच्या गटात एकच नाव आलंय, तुमचं. एकटं नाव असलं की सुवर्ण त्यालाच, रिवाजच आहे तसा." सुधींद्र स्पर्धेचा व्यवस्थापक, बेंगळुरूच्या जुन्या मराठी घरातला. अकरा देशांचे खेळाडू सांभाळताना सकाळपासून त्याला दोन मिनिटं बसायला मिळालं नव्हतं. "स्वल्प लवकर करा. एक फोटो काढू, झालं!"

फोटो नंदकिशोरने केव्हाच काढला होता. हेमलताचा नवरा, सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झालेला. जन्मभर प्रत्येक आकडा तीनतीनदा तपासणारा माणूस, पण माइकवर बायकोचं नाव पुकारलं आणि त्याला काही राहवेना. पदक गळ्यात पडायच्या आधीच 'हेमाला आंतरराष्ट्रीय सुवर्ण!!' असं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून मोकळा. पुण्याहून, नागपूरहून फुलं आणि अंगठे यायला लागलेसुद्धा.

हेमलताच्या मात्र डोक्यात तिडीक गेली. सहा वर्षं ती मारतहळ्ळीला अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये कराटे शिकत होती, आठ-दहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत, त्यांची आंटी म्हणून. गुडघ्याला पट्टा बांधून बांधून तपकिरी बेल्टपर्यंत आली होती. काल दिवसभर शिबिर झालं. जपानहून आलेल्या म्हाताऱ्या गुरुजींनी मागच्या हाताचा एकच ठोसा तिच्याकडून साठ वेळा मारून घेतला. दर वेळी तिच्या उचललेल्या टाचेकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "अगेन." त्यांनी ना वय विचारलं, ना पुरे म्हटलं. आणि आज ही माणसं हातावर वाण ठेवावं तसं पदक ठेवून तिची बोळवण करत होती.

"मी हळदीकुंकवाला आले नाही, सुधींद्र. पस्तिशीपुढच्या गटात किती जणी आहेत?"

"सात."

"म्हणजे एकीला जोडीच नाही."

"हो, एक श्रीलंकेची आहे. पोलिसात आहे ती. तिला पहिल्या फेरीत बाय दिलाय, थेट दुसऱ्या..." सुधींद्र थांबला. बाईचा बेत आत्ता कुठे त्याच्या ध्यानात आला. "छे छे, नको अक्का! छत्तीस वर्षांची आहे ती. तुम्हाला काही लागलंबिगलं तर माझ्या गळ्याशी येईल."

"कागद आणा. मी सही करून देते."

"अगं, सुवर्ण मिळालंय ना!" नंदकिशोर मध्ये पडला. "आता आणखी काय सिद्ध करायचंय?"

"मिळालंय कुठे? वाटतायत ते."

सुधींद्र आधी मुख्य पंचांशी बोलला, मग कोपऱ्यात पाय लांब करून बसलेल्या श्रीलंकेच्या बाईशी. फुकट पुढे जायचं सोडून तिने कशाला हो म्हणावं? तिने मान वळवून हेमलताकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. हसली नाही. उठली आणि हातमोजे चढवायला लागली. हेमलताला ती तिथेच आवडली.

"सरी, अक्का, तुम्ही म्हणाल तसं," सुधींद्रने कपाळाला हात लावला आणि पदक परत डबीत ठेवलं.

पहिल्या अर्ध्या मिनिटात हेमलताची पार दाणादाण उडाली. ठोसा येताना दिसायचाच नाही, छातीला टेकला की कळायचा. मग एक लाथ कानाशी येऊन थांबली, त्या बाईला तीन गुण. मग आणखी एक. सात-शून्य. आठाचा फरक पडला की लढत तिथल्या तिथे थांबवतात, हे तिला ठाऊक होतं.

"साकु, साकु! बस झालं, आंटी!" मागून कुणीतरी ओरडलं. आवाजात कीव होती, आणि तीच तिला जास्त लागली. तिला भीती वाटत होती, लाजही वाटत होती, पण आता इथून हलायचं नाही म्हणजे नाही. श्रीलंकेची पुन्हा पुढे झेपावली. हेमलताने मागची टाच जमिनीला घट्ट टेकवली आणि मागचा हात सोडला.

तिच्या बाजूचे दोन लाल झेंडे वर गेले. सात-एक.

पुढच्या चार सेकंदांत तिसरी लाथ कानाशी आली आणि खेळ आटोपला. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. नमस्कार करताना श्रीलंकेची तिच्यापेक्षा जास्त खाली वाकली.

नंदकिशोर पाण्याची बाटली घेऊन धावत आला. दुसऱ्या हातात फोन होता आणि तो टिणटिण वाजतच होता.

"फार लागलं का गं?"

"नाही."

"त्रेसष्ट जणांनी अभिनंदन केलंय. आता काय सांगू लोकांना?"

"खरं ते सांगा. हरली म्हणावं."

तो नाइलाजाने टाइप करायला लागला. हेमलता गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. तशीच वाकून तिने स्क्रीनवर नजर टाकली. 'हेमा हरली. १०-१.'

"असं नाही," ती म्हणाली. "माझा एक आधी लिहा."