गादीखालचं यंत्र

दोन्ही आकडे सारखेच आले. ट्रॅक्टरच्या केबिनखाली स्प्रिंगा बसवण्याआधी जेवढे धक्के, तेवढेच बसवल्यावर.

"म्हणजे खर्च पाण्यात," साहेब म्हणाले. "जेवणाच्या सुट्टीपर्यंत बघतो. नाहीतर स्प्रिंगा काढून टाका."

ड्रायव्हरकाकांच्या तोंडचं पाणी पळालं. एकवीस वर्षं ते कारखान्याचे नवे ट्रॅक्टर लाकडी ठोकळ्यांच्या रस्त्यावर पळवून तपासत होते. मणके पार खिळखिळे झालेले. असेच दणके खाल्लेत तर वर्षभरात अंथरूण धराल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. निवृत्तीला अजून तीन वर्षं होती. काकांची सगळी भिस्त ह्या स्प्रिंगांवर.

"यंत्रच बिघडलं असेल," ते म्हणाले.

इंजिनिअर मॅडमनी गादीखालचं धक्के मोजायचं यंत्र तपासलं. ठणठणीत होतं. मग त्यांनी स्प्रिंगा हलू नयेत म्हणून त्यांना खिट्टी लावली, काकांना पुन्हा एक फेरी मारायला सांगितली आणि स्वतः रस्त्याकडेला उभ्या राहिल्या.

"काका, ठोकळा आला की तुम्ही उठता."

"उठतोय कुठला? बूड जरा हलकं करतो. सगळेच करतात. नाहीतर कंबर जागेवर राहील का?"

"यंत्र बुडाखाली आहे. स्प्रिंगा असोत-नसोत, धक्का तुमचे गुडघे खातात, त्याला पत्ताच लागत नाही."

काकांना स्वतःचाच राग आला. पुन्हा ट्रॅक्टरवर चढले. दातओठ खाऊन गादीला चिकटून बसले, पण ठोकळा दिसला की अंग आपोआप वर. दोन फेऱ्या फुकट गेल्या.

शेवटी मॅडमच चालवायला बसल्या. खिट्टी लावलेल्या फेरीनंतर कंबर धरूनच उतरल्या. खिट्टी काढल्यावर मात्र आकडा निम्म्याच्याही खाली आला. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि जेवायला जायच्या आधीच सही केली.

दुपारी काका त्याच केबिनमध्ये निवांत बसून निघाले. पहिला ठोकळा आला. केबिन नुसती डुलली. काका चांगले वीतभर वर.

"काका, आता उठायची गरज नाही," मॅडम खालून म्हणाल्या.

काकांनी गाडी थांबवली, खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मला कळलंय हो. ह्या गुडघ्यांना कोण समजावणार? एकवीस वर्षं इमानानं नोकरी केलीय त्यांनी."