उघड्या डोळ्यांची प्रार्थना

चार वाजता ऊन पलंगावर आलं, तशी तिने ओले हात टॉवेलला पुसले आणि नवऱ्याचे दोन्ही हात पांघरुणाबाहेर काढले. प्रार्थनेची वेळ झाली होती. या घरात प्रार्थनेला उजेड लागतो. नवराबायको दोघंही जन्माची बहिरी. हातांनी बोलायचं आणि डोळ्यांनी ऐकायचं. अंधारात देवाला सांगणार काय, कप्पाळ?

सकाळी चर्चचे पाळकसाहेब येऊन गेले होते. भला माणूस, पण उशाशी उभा राहिला आणि सवयीने डोळे गच्च मिटून बोलत सुटला. त्यात मिशा ओठांवर आलेल्या, ओठ वाचायचीही सोय नाही. दहा मिनिटांत तिला 'आमेन' तेवढं कळलं, तेही त्यांनी डोळे उघडले म्हणून. तिने मान डोलावली, चहा पुढे केला. त्यांचं त्यांनी केलं, आता आमचं आम्ही करू, असं मनाशी म्हणाली.

नवरा बुकबाइंडर. तीस वर्षं पुस्तकं शिवून राठ झालेले त्याचे हात भारी वाचाळ होते. जेवतानासुद्धा गप्प बसायचे नाहीत. एकच गोष्ट तो थोडक्यात सांगायचा. पोट भरलं की ताटाच्या काठावरून एक बोट आडवं फिरवायचा. पुरे. ती कधी ऐकायची नाही. त्याने पुरे म्हटलं की आणखी एक पळी हटकून वाढायची, आणि तो कपाळाला हात लावून मुकाट्याने जेवायचा.

अर्धांगाच्या पहिल्या झटक्यात त्याचा उजवा हात गेला. तेव्हा तो डाव्या हाताने तोतरं बोलू लागला. ती हसायची, तोही हसायचा. दुसऱ्या झटक्याने डावाही गेला, त्याला आता चार महिने झाले. पाठीला जखमा होत्या, नाकात नळी होती. ती नळीतून भरवायची आणि तिला अडवणारं कोणी नव्हतं. डाव्या हाताच्या मधल्या बोटात काय तो जीव उरला होता. तोही कधी असायचा, कधी नसायचा.

पायथ्याशी स्टुलावर मुलगी बसली होती. तिला ऐकू येत होतं, म्हणून वाईट बातम्या आणायचं काम लहानपणापासून तिच्याच गळ्यात पडलेलं. दुपारी तिने डॉक्टरांचा निरोप हातांनी सांगितला होता : छाती पुन्हा भरली आहे, औषधाचा उपयोग होईलसं वाटत नाही. हॉस्पिटलात नेऊन मशिनवर ठेवायचं, की इथेच शांतपणे राहू द्यायचं, ते संध्याकाळपर्यंत कळवा.

"देवाला विचारते," आई म्हणाली होती.

म्हणाली खरी. पण ती विचारणार नव्हती, मागणार होती.

तिने नवऱ्याचे हात आपल्या हातांत धरले आणि हलवायला सुरुवात केली. त्याच्या हातांनी त्याची प्रार्थना. चार महिने ती रोज हेच करत होती. हात थंड होते आणि विलक्षण जड. तिने ते छातीशी नेले, वर नेले, पुन्हा छातीशी आणले.

"देवा, तू मला कान दिले नाहीस. मी कधी तक्रार केली नाही. तुला तर कान आहेत ना? मग ऐक. मला बरं कर. बरं करायचं नसेल तर असाच पडून राहू दे, पण राहू दे. मला अजून जगायचंय. हिला एकटी टाकून मी कुठे जाऊ? ही बोलणार कोणाशी?"

गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

मुलीने पुढे वाकून तिच्या गुडघ्यावर थाप मारली.

"आई, हे बाबा म्हणतायत की तू?"

उत्तर द्यायला तिने त्याचे हात खाली ठेवले.

"आम्ही दोघं. मध्ये बोलू नकोस."

आता येशूचं नाव घ्यायचं राहिलं होतं. हातांच्या भाषेत ते नाव घ्यायचं तर मधलं बोट तळहाताच्या मधोमध टेकवायचं, खिळ्याच्या जागी. तिने त्याचा डावा हात उचलला आणि ते एक बोट आपल्या तळहातावर टेकवलं. नेहमीसारखंच.

बोट हललं.

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता. बोट खिळ्याच्या जागेवरून निघालं, हळूहळू तळहाताच्या काठापर्यंत गेलं. आडवं. थांबलं, परत मधोमध आलं आणि पुन्हा आडवं गेलं.

मुलगी ताडकन उठली. तिनेही पाहिलं होतं. आईच्या समोर येऊन तिने हात उचलले.

"आई, बाबा म्हणतायत..."

आईने डोळे मिटून घेतले.

साठ वर्षांत प्रार्थनेच्या वेळी तिने डोळे मिटले नव्हते. आता सगळीकडे अंधार झाला. मुलगी खांदा हलवत होती, तिला कळत होतं. तिने पापण्या आणखी घट्ट केल्या.

तळहातावर बोट पुन्हा आडवं गेलं.

तिने मूठ आवळली. मुठीच्या आत ते हलतच राहिलं.