एकही फट नाही

न्हाणीघरात पाणी पडत होतं आणि पडतच होतं. बादली केव्हाच भरून वाहायला लागली असणार. अंगणात शेकोटीपाशी बसलेले हैबतराव आधी चिडले, मग उठले आणि दाराबाहेरच्या सिलिंडरचा कॉक त्यांनी फिरवून बंद केला. निदान गॅस तरी वाचेल.

"शुभांगी, पानी वाया चाललंय गं!"

आतून उत्तर आलं नाही. त्यांनी दार ठोठावलं. मग दोन्ही हातांनी बडवलं.

आत त्यांची सून होती. तुळशीचं लग्न लागलं आणि पाठोपाठ हिचं. भुकूम गावातला तिचा हा पहिलाच हिवाळा. इथली थंडी पोरीला सोसेना, म्हणून हैबतरावांनीच न्हाणीघराचा झरोका थर्माकोल ठोकून बुजवला होता. ऊब आत राहिली की गॅस कमी जळतो, असं मोबाइलवरच्या व्हिडिओत एक जण सांगत होता. विजेचा गीझर काढून आत गॅसचा बसवला तोही त्याचंच ऐकून. दाराच्या कडेनं रबरी पट्टी, खालच्या कुजलेल्या फळीवर पत्रा. सगळं स्वतःच्या हातानं, सुताराला हाक न मारता. वाऱ्याला शिरायला त्यांनी जागा म्हणून ठेवली नव्हती, आणि आता तेच दार हलायला तयार नव्हतं.

आवाज ऐकून शेजारच्या खोलीतला भाडेकरू कौस्तुभ धावत आला.

"काका, गीझर आतच आहे? आणि खिडकी?"

"बुजवलीया."

कौस्तुभ ओरडला. "अहो, त्या गीझरनं हवा विषारी होते! दार तोडा आधी!"

पहार आणली. पहिल्या दणक्याला पत्रा नुसता वाकला. हैबतरावांनी स्वतःच्या हातच्या कामाला इतक्या शिव्या कधी घातल्या नव्हत्या. शेवटी कडी निखळली, दार आत गेलं, आणि हैबतरावांनी तितक्याच झटक्यात तोंड फिरवलं. उघड्या दाराला पाठ करून ते कौस्तुभच्या आडवे उभे राहिले.

"तू नगं बघू. सून हाय ती माझी."

"मग तुम्ही जा! नाहीतर मला तरी जाऊ द्या!"

"बायामानूस येऊ दे. रत्नाबाई! ओ रत्नाबाई!"

शेजारणीच्या दाराला कुलूप होतं. हैबतरावांची बायको सगुणाबाई देवीची ओटी भरायला गेली होती. न्हाऊन आलं की चक्कर येते, असं सून परवा म्हणाली, तेव्हापासून नातवाच्या आशेनं म्हातारीला कुणाला सांगू नि कुणाला नको असं झालं होतं. हैबतरावांना ते आता आठवलं. न्हाऊन आलं की चक्कर. दिवसभर कुठं नाही, फक्त न्हाऊन आलं की.

त्यांनी दोरीवरची चादर ओढली, डोळे गच्च मिटले आणि आत शिरले. चाचपडत तिला गाठलं, चादरीत गुंडाळलं आणि फरफटत अंगणात आणलं. "श्वास घे, पोरी. घे गं श्वास," ते म्हणत राहिले. तिचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं होतं आणि हुंदके आवरत नव्हते. कोण बघतंय याची शुद्ध त्यांना राहिली नव्हती. कौस्तुभ फोनवर ॲम्ब्युलन्सवाल्याला रस्ता सांगत होता, आणि तो सांगताना पुन्हा पुन्हा चुकत होता.

बऱ्याच वेळानं तिची छाती हलली. तिला उमळून आलं, ओकारी झाली. मग तिनं डोळे उघडले.

समोर सासरे दिसले तशी तिची बोटं चादरीवर चाचपडू लागली. एक काठ हाताला लागला. तो तिनं डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून घेतला.

"चुकलं माझं, आबा," ती म्हणाली.