दोन टक्के

सकाळी अकराला अर्थमंत्री भाषणाला उभे राहिले, आणि बिजागऱ्यांच्या कारखान्यातली सगळी यंत्रं थांबवून माणसं रेडिओभोवती जमली. मालकीण उभीच होती. तिला बसवतच नव्हतं.

वर्षभर तिचा जीव पत्रा दाबून पाती काढणाऱ्या एका प्रेसमध्ये अडकला होता. एक फर्निचरवाला महिन्याला चाळीस हजार बिजागऱ्या घ्यायला तयार होता, पण जुन्या हातप्रेसवर बारा हजारांच्या वर काही केल्या निघत नव्हत्या. मोठा प्रेस घ्यायचा तर कर्ज हवं, आणि बँक मागत होती तेरा टक्के व्याज. तेरानं हप्ते भरले तर हाती भोपळा. अकरानं मिळालं तर कारखाना उभा राहत होता.

हे दोन टक्के कुठे अडलेत ते थोरल्या भावानं तिला समजावलं होतं. दादा एका सरकारी कचेरीत हिशेबनीस होता. मिळकतीपेक्षा खर्च वाढला की सरकारही कर्जच काढतं, तेही तुझ्याच बाजारातून, असं तो म्हणाला होता. एवढं मोठं आणि खात्रीचं गिऱ्हाईक दारात असताना बँक तुला कशाला स्वस्तात पैसे देईल? हत्ती पाणवठ्यावर उतरला की चिमण्यांच्या वाट्याला गाळच.

"मग तुमच्या हत्तीला सांग, जरा कमी पी म्हणावं," ती म्हणाली होती.

तेव्हापासून ते रोजचंच झालं. दादा जेवायला आला की ती सरकारच्या उधळपट्टीवरून त्याला टोचायची. निम्म्या कचेऱ्यांत लोक माशा मारत बसतात, बंद करा की त्या, असंही ऐकवायची. दादा हसायचा आणि ताटाकडे बघायचा. यंदा मात्र त्यानं एवढंच सांगितलं होतं की कपातीच्या याद्या चालल्यात, बघू.

तासाभरानं ते वाक्य आलं. सरकार यंदा गेल्या वर्षीपेक्षा एक तृतीयांश कमी कर्ज काढणार होतं.

पुढे मंत्री खर्चकपातीची यादी वाचू लागले, पण ती ऐकतंय कोण? साठीचे मास्तर, तिच्या वडिलांच्या वेळचे कारागीर, यंत्राच्या पत्र्यावर ताल धरून बसले. मालकिणीनं कागदावर पुन्हा तोच हप्ता मांडला. या खेपेला अकरानं.

चौथ्या दिवशी बँकेच्या मॅनेजरचा फोन आला. वरून नवा दर आला होता. अकरा. ती कारखान्यातल्या तेलकट चपला घालूनच सही करायला धावली.

प्रेस आला तो पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी. दारातून आत जाईना, म्हणून मास्तरांनी चौकटीच्या बाजूच्या विटा काढल्या. दहा माणसांनी दोर ओढले, वायरमननं जोडणी केली, आणि एकदाचं बटण दाबलं. धाडकन बिजागरीची पहिली पात दाबून निघाली, मग दुसरी. मास्तरांनी पिन ठोकली आणि पहिली बिजागरी तिच्या हातावर ठेवली. ती अजून कोमट होती. तिचे डोळे भरून आले आणि ती हसतही होती.

दुपारी तीनच्या सुमाराला, ऐन कचेरीच्या वेळी, दादा दारात दिसला. तिनं धावत जाऊन ती बिजागरी त्याच्या तळहातावर ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: दोन पाळ्या चालवणार, फर्निचरवाल्याचा पहिला माल पंधरवड्यात जाणार, अजून चार माणसं घ्यावी लागणार. तुमच्या सरकारनं आयुष्यात एक तरी शहाणपणा केला, असंही म्हणाली.

दादानं बिजागरी उघडली, मिटली. काम चोख झालंय म्हणाला. मग यंत्राकडे बघत त्यानं विचारलं, "हिशेबाला कुणाला ठेवलंस?"

"अजून कुणालाच नाही. का रे, आहे कुणी तुझ्या ओळखीत?"

"आहे," दादा म्हणाला. "आमची कचेरी काल कायमची बंद झाली."