ओरखडा

"ही विकायची नाही हं, ताई. तीस वर्षं माझ्याकडेच आहे. नुसती ऐका," म्हणत जुन्या रेकॉर्डच्या दुकानदाराने ती रॉकची रेकॉर्ड लावली.

ती डोळे मिटून गुणगुणू लागली. तिसऱ्या गाण्यात तिचा हात आपसूक पुढे गेला आणि तिने सुई हलकेच सरकवली, लहानपणी बाबांनी शिकवलं होतं तशी. गाणं न अडकता पुढे गेलं आणि तिने झटकन हात मागे घेतला. तिथे सुई अडकवणारा तो ओरखडा तिनेच पाडला होता. बाबांचा जीव घेणाऱ्याने ही रेकॉर्ड नेली, तेव्हा ती पलंगाखाली श्वास रोखून पडली होती.

"इथे सुई अडकते, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

दुकानदाराने शांतपणे दाराला कडी घातली.

"म्हणजे त्या दिवशी घरात अजून कोणीतरी होतं."